टिकलीचं बटण

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, देवापुढं उभं राहूनसुद्धा नाही. जिला सांगायला पाहिजे होतं ती तर त्याच्या आधीच गेली होती — तिच्या दहाव्याचीच तर ही गोष्ट आहे. आता तुम्हाला सांगतो. माफी मिळावी म्हणून सांगत नाही, हे आधीच बोलून ठेवतो. माफी मागायची मला सवय नाही. या वयात काय लावून घेऊ?

मी गवंडी. चौथी शिकलो. पाचवीत मास्तरनं कान पिळला म्हणून दप्तर तिथंच टाकून आलो, ते आलोच. करमाडजवळच्या आमच्या खेड्यातून सायकलीवर या शहरात कामाला यायचो, तेव्हा जालना रोडच्या दोन्ही अंगाला ज्वारी होती. आता तिथं काय काय उभं आहे ते तुम्ही बघताच. त्यातल्या किती भिंती माझ्या ओळंब्याखाली उभ्या राहिल्या, ते सांगत बसलो तर म्हणाल म्हातारा फुशारकी मारतो. मारतो. माझी एक भिंत वाकडी दाखवा.

वाकडं काम मी केलं ते लॅपटॉपवर.

हसू नका. लॅपटॉप मला येतो. पोरगा अंकुश कॉम्प्युटरच्या नोकरीत परदेशात गेला, त्यानं तो घेऊन दिला — दर रविवारी एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून. माझी बायको सुभद्रा, तिला अक्षरओळख नव्हती. पण रविवार आला की सकाळपासून पदर सारखा करून लॅपटॉपसमोर बसायची. नात पडद्यावर यायची, एकदा हात हलवायची अन् पळून जायची. सुभद्रा काचेवर हात ठेवून बसायची. "जरा थांबली असती पोरगी," एवढंच म्हणायची.

म्हणून मी गुलमंडीच्या मागं रफिकच्या दुकानात गेलो. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हटलं, पडद्यावरचं माणूस धरून ठेवता येतं का? तो म्हणाला, "चाचा, ये खिडकीवाला बटन पकडो, और ऊपर ये वाला दबाओ. जो दिखरा वो अंदर जम जाता." दाबलं. पडदा क्षणभर मिचकला, माणूस डोळा मिचकवतो तसा, अन् समोर होतं ते जसंच्या तसं आत जाऊन बसलं. स्क्रीनशॉट म्हणतात त्याला.

घरी येईस्तोवर कुठलं बटण ते विसरलो. पुन्हा गेलो, पुन्हा विसरलो. तेव्हा सुभद्रानं आपल्या पाकिटातल्या दोन टिकल्या काढून त्या दोन बटणांवर चिकटवल्या. म्हणाली, "आता बी विसरलात तर तिसरी तुमच्याच कपाळाला लावते."

मग काय, दर रविवारी ती शेजारी बसून हुकूम सोडायची. मारा, आत्ता मारा, हसली बघा. मी मारायचो. हप्ताभर ती तेच फोटो बघत बसायची. त्यातून मला एक गोष्ट कळली — ती नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. मधेच धरलेलं तोंड काहीही दिसू शकतं. घास चावणारा माणूस शिव्या देताना दिसतो. शिंकणारा रडताना दिसतो. एकदा अंकुश पोरीशी लाडानं बोलत होता अन् फोटोत अंगावर धावून गेल्यासारखा आला. सुभद्रानं बघितला. म्हणाली, "हा पुसून टाका. हा आपला अंकुश नाय." मी पुसला. म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं माहीत असं मला म्हणता येणार नाही.

माझं अन् अंकुशचं कधी जमलं नाही. मी एक बोलायचो, तो दोन बोलायचा. मी तीन. मधे सुभद्रा. कोणाच्या बाजूनं बोलावं ते तिला कळायचं नाही, मग ती भांडी घासायला बसायची — घासलेलीच भांडी. तिला त्याच एका गोष्टीचा घोर होता. आपण गेल्यावर हे दोघं एकमेकाला खाऊन टाकतील, असं ती शेजारणीपाशी बोलायची. माझ्यापाशी कधी बोलली नाही. मी बोलू दिलं असतं का?

पुढं ते दुष्काळाचं साल आलं. शहर एवढं वाढलं होतं की नळाचं पाणी आठवड्याच्या पलीकडं गेलं, अन् टँकरमागं बायका कळशा घेऊन धावत होत्या. त्याच उन्हाळ्यात सुभद्राच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यातून तिनं अंकुशला स्वतः सांगितलं, तुझे कागद अडकलेत तर येऊ नको बाबा. तिथं राहायचे त्याचे कागद सरकारात होते, मधेच बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. ती गेल्यावर तो फोनवर म्हणाला, आबा, तुम्ही म्हणाल तर सगळं सोडून निघतो. मी काय म्हणालो? "तुला पटंल ते कर." असं बोललं की माणूस धड येऊही शकत नाही अन् धड राहूही शकत नाही. मला ते ठाऊक होतं. अन् इकडं सगळ्या भावकीत सांगून बसलो होतो की लेक विमानानं येतोय.

तो आला नाही. दहाव्याला पुतण्या भागवत बसला.

दहावा गावाकडं केला. ओढ्यात पाणी कसलं, नुसती रेती. टँकरचं पाणी पिंपात भरून नेलं होतं. अंकुशला बघायचं होतं म्हणून मी लॅपटॉप नेला, भागवतच्या मोबाईलचं नेट त्याला जोडलं. मी लांब एका दगडावर बसलो, लॅपटॉप मांडीवर. उन्हानं पडदा दिसेना, म्हणून डोक्यावरून पंचा घेतला तो पडद्यासकट. कान कमी ऐकतात म्हणून कानात वायर. म्हणजे बघा — अंकुशचं तोंड मला एकट्याला दिसत होतं. त्याचा आवाजही मला एकट्यालाच. पंच्याखाली त्याला फक्त मी दिसत होतो, इकडचं सगळं मात्र ऐकू जात होतं.

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. कावळा होता एक, पिंपाच्या काठावर बसलेला. तो काही पिंडाकडं येईना. दहाव्याला असं झालं की काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते ओळखून एकेकानं शब्द द्यायचा. सुभद्राची बहीण कौसा पुढं झाली, म्हणाली ताई, तुझ्या नातीचं लग्न मी माझं समजून करीन. कावळा हलला नाही. भागवतनं शब्द दिला. नाही. मग मी कानातली वायर काढून लॅपटॉप दगडावर ठेवला अन् उठलो. पंचा काढला, हात जोडले अन् म्हणालो, सुभद्रा, तुझ्या नावानं गावात पाणपोई बांधतो, माझ्या हातानं बांधतो.

कावळ्यानं मान सुद्धा वळवली नाही.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, थोडं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. मागं कुजबुज सुरू झाली. त्याचा अर्थ काय होतो, सांगू? माझ्या घरात, माझ्या हाताखाली जन्म काढून ती बाई काहीतरी मनात ठेवून गेली. अख्ख्या भावकीसमोर. जिंदगीभर ज्याची एक भिंत वाकडी नाही त्याची बायको.

मी परत दगडावर येऊन बसलो, लॅपटॉप मांडीवर घेतला, वायर कानात घातली, पंचा ओढून घेतला. अंकुशनं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "आबा, वायर काढा. मला मायशी बोलायचंय."

मी वायर काढली नाही.

का? माझ्या शब्दानं झालं नाही ते याच्या शब्दानं झालं तर? तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं? जो आला सुद्धा नाही त्याच्या? मी तसाच बसलो, कानात वायर घालून. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मग बोललाच — माझ्या कानात, मायला उद्देशून. एकच गोष्ट बोलला. काय बोलला ते सांगतो, पळत नाही मी. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच माझ्या पाठीमागं गलका झाला. शिवला, शिवला.

अंकुशनं तो गलका ऐकला. दहा दिवस रडून सुजलेलं ते तोंड — एकदम उघडलं. डोळ्यातून पाणी वाहत ओठात चाललं होतं अन् तो हसत होता. रडता रडता हसत होता, हरवलेलं लेकरू आईला बघून हसतं तसा.

अन् मी टिकल्या दाबल्या.

सवयीनं दाबल्या असं म्हणू शकलो असतो. सवयीनं नाही. मुद्दाम. पडदा मिचकला, मी पुन्हा दाबल्या, तो पुन्हा मिचकला. तिनं नातीसाठी लावलेल्या टिकल्या. मग झाकण बंद केलं. कौसा पळत आली, माझ्या पाया पडली. "दाजी, तुमच्या शब्दावर आला. पाणपोईवर जीव होता ताईचा." मी म्हणालो, "व्हय."

शहरातल्या घरी येऊन फोटो उघडले. बहुतेकांत डोळ्यातलं पाणी दिसत होतं. ते पुसले. एक ठेवला. त्यात मागच्या दिव्यानं चेहऱ्यावर सावली होती. पाणी दिसत नव्हतं, दात दिसत होते.

संध्याकाळी कौसानं विचारलं, अंकुश काय म्हणत होता हो? मी एक शब्द बोललो नाही. लॅपटॉप उघडला अन् तिच्याकडं फिरवला. हीच त्यातली गंमत आहे बघा — फोटोला आवाज नसतो. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही. तिनं बघितलं, तोंडावर हात ठेवला. "मायच्या दहाव्याला दात काढतोय?" भागवतनं मोबाईलवर त्या फोटोचा फोटो घेतला. गावी रात्रीचा स्वयंपाक व्हायच्या आत सगळ्या भावकीच्या मोबाईलवर तो पोचला होता.

दोन वर्षांनी कागद मोकळे झाल्यावर अंकुश आला. भेटायला माणसं जमली. कौसा त्याच्या तोंडावर म्हणाली, "हसून घे रे बाबा, आमच्या पुढ्यात बी हस. आता लाज कशाची?" अंकुशला आधी काही समजलं नाही. मग भागवतनं मोबाईल पुढं केला. अंकुशनं तो फोटो बघितला, अन् माझ्याकडं बघितलं. कुणी काढला असेल हे त्याला विचारावं लागलं नाही.

मी चहा बशीत ओतला अन् फुंकर मारली.

सगळे गेल्यावर तो माझ्यासमोर बसला. भांडायला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "आबा, मी मायला बोललो ते तुम्ही ऐकलं होतं ना?"

मी म्हणालो, "वायर खराब होती."

"बरं," म्हणाला. नळाचा दिवस होता. त्यानं घरातली सगळी पिंपं भरली, माझ्या पाया पडला अन् गेला. रविवारचा फोन अजून येतो. तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो. पण त्याच्याकडचा कॅमेरा आता बंद असतो. पडद्यावर काळं दिसतं अन् त्याचं नाव. नातही दिसत नाही. दाबायचं म्हटलं तर काय दाबू?

तुम्ही म्हणाल, कावळा तहानलेला असंल, पाण्यापाशी होता, खाली उतरला एवढंच. मीही तसं म्हणून बघितलं, पुष्कळ वर्षं. तो ओढाही आता राहिला नाही. तिथं प्लॉट पडलेत, कुंपण आहे, पाटी आहे. पाणपोई मी बांधली. सरळ बांधली. परवा भागवतच्या पोरीच्या लग्नात पंगतीत एक जावई दुसऱ्याला ती गोष्ट सांगत होता — खदाखदा हसला म्हणे पोरगा. फोटोला नव्हता तो आवाज आता गोष्टीला आलाय. मी त्याच पंगतीत बसलो होतो. बुंदी वाढून घेतली.

तर अंकुश काय बोलला ते.

तो म्हणाला, "माय, आबा मला काही बी बोलले, त्यांनी काही बी केलं, तरी मी त्यांना उलटून बोलणार नाय. तू सुखानं जा." एवढंच. अन् कावळा आला.

म्हणजे कौसाकडं लॅपटॉप फिरवताना मला हे माहीत होतं. बशीत चहा ओततानाही माहीत होतं. तो तोंड उघडणार नाही. त्यानं मायला शब्द दिला होता, अन् तो ऐकणारा जिवंत माणूस मी एकटा होतो. त्या शब्दाच्या जोरावरच तर मी ते केलं.

वायर चांगली होती. आजही चांगली आहे.