दाराच्या फटीत बिस्किटांची कणीक

मैत्रिणींनो, हाताला अजून कणीक चिकटलीय, तरी लिहितेच.

आज दुपारी रियाधला, लेकीच्या स्वयंपाकघरात, इटालियन गोड बिस्किटं करत होते. बडीशेप घातलेली, बांगडीसारखी गोल. इतक्यात घरातले सगळे मोबाईल एकदम भोंग्यासारखे ओरडले. धोक्याच्या इशाऱ्याची सरकारी चाचणी होती म्हणे! पण माझी मूठ कणकेसकट दाराच्या फटीकडे गेली.

आखाती युद्धात, याच शहरात, शेजारीण लुचिया मला ही बिस्किटं शिकवत असताना भोंगा झाला होता. विषारी वायूची भीती, आणि दारं-खिडक्यांच्या फटी बंद करायची चिकटपट्टी संपलेली. आम्ही कोकणी मुसलमान, बिर्याणीच्या हंडीचं तोंड कणकेने बंद करणारे. मी बिस्किटांचीच कणीक फटीत थापली, खाली ओला टॉवेल कोंबला. "दाब, लुचिया, यल्ला, लवकर!" धमाक्याने काचा हादरल्या, कणीक सुटली. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत आम्ही दोघी दाराला तळवे लावून बसलो.

आज मागे वळले, तर लेक शबाना उभी. हातात ओला टॉवेल.

"अम्मी, हा खाली लाव."

तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. मी तिला यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं.

तुमच्या लेकरांना काय काय आठवतं, विचारलंय कधी?