सवतीची ओटी

देवीकडे लोक काय काय मागतात. मी सवतीचं वाटोळं मागितलं होतं. सवत म्हणजे आमचा जुना ट्रक. माझ्या लग्नाआधीच तो या घरात आलेला, म्हणून मानाने थोरली तीच. दसऱ्याला पहिला हार तिला, पहिला नारळ तिच्यापुढे. मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले तरी यांची नजर तिच्या टायरवर. कर्जतहून विटा भरून निघताना हे केबिनमध्येच असलेल्या तिच्या बोनेटवर थोपटायचे आणि म्हणायचे, "चल गं बाय." इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी 'चल गं बाय' म्हटलं नव्हतं. हसणारे हसोत, पण माझा जळफळाट खरा होता, आणि बाईशी भांडता येतं, ट्रकशी काय भांडणार?

गेल्या वर्षी माझ्या कंबरेची नस दबली. खोपोलीच्या डॉक्टरांकडे जायला-यायला तिच्याच केबिनमध्ये बसावं लागे, म्हणजे उपकारही सवतीचेच. महिने गेले तशी ती चढाला दम टाकू लागली. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी सरकायची नाही, आणि केबिनमध्ये जळका वास भरायचा. हे एकदा म्हणाले, "आता मोटं काम निघालं तर इकून टाकतो, आन कंपनीत लागतो." मी चेहरा कोरडा ठेवला, पण मनात उकळ्या फुटल्या. माहेरच्या गावदेवीची ओटी भरायला तिच्याच केबिनमध्ये बसून खालापूरकडे निघाले तेव्हा पिशवीत खण, नारळ, तांदूळ होते आणि ओठांवर एकच मागणं होतं, हिला एकदाची बंद पाड.

देवीने देवळापर्यंतही पोचू दिलं नाही. पळसदरीच्या पुढच्या चढावर विटांनी भरलेला ट्रक थांबला आणि मागे सरकू लागला. हँडब्रेक धरेना. यांनी पायाने ब्रेक दाबून धरला, त्यामुळे यांना उतरता येईना. मीच कशीबशी खाली उतरले. कडेला काकड्या विकत बसलेली एक म्हातारी ओरडली, "उटी लाव गं, उटी!" चाकामागे दगड लाव, असं ती सांगत होती. भेदरलेल्या मला ऐकू आलं ओटी. पिशवीतला खण-नारळ काढून मी चाकासमोर धरून उभी राहिले. म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं, कडेचा धोंडा स्वतःच उचलला आणि चाकामागे सारला. यांनी ब्रेकवरचा पाय उचलला, ट्रक जागचा हलला नाही. "ओटी बी भर," ती म्हणाली, "पन आदी धोंडा लाव गं बाय." त्या धोंड्याला दोन गडी लागले असते, असं हे अजून म्हणतात. पुढे कितीदा तिथून गेलो, ती काही दिसली नाही. मी त्यावर वाद घालत नाही.

विटा उतरवून, दुसऱ्या गाडीचं टोचन लावून ट्रक ओढत शिळफाट्याला मिस्त्रीकडे नेला. त्याने चाकांना उटी लावली, वरचा गियर टाकला आणि हळूहळू क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते खुशाल चालू राहिलं. "क्लचप्लेट गेली," तो म्हणाला. गियरबॉक्स उतरवला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. सवतीचं मरण डोळ्यांनी बघायचं होतं. मिस्त्रीने प्लेट हातात धरली. ती रिवेटपर्यंत झिजलेली होती.

"गाडी कोन चालवतो?" त्याने यांना विचारलं. "पाय सारका क्लचवर ठेवलाय. नवा डायवर हाय का?"

ज्यांनी उभी हयात घाटात काढली, त्यांना हा प्रश्न. यांचे कान लाल झाले. खाली बघत म्हणाले, "हिची कंबर दुकते. गियर टाकताना धक्का बसतो. म्हनून अर्धा क्लच धरून चालवायचो."

मी जिचा मत्सर करत होते, ती माझ्याचपायी झिजली होती. माझा एकेक धक्का तिने छातीवर घेतला होता.

"तू सांग," हे म्हणाले. "इकू?"

मी मागितलेलं देवीने माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नवी प्लेट टाका." प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवं आलं. रिवेटनी ओरखडलेलं फ्लायव्हील लेथवर घासून आणलं. गाडी तयार झाली तेव्हा देवीसाठी नेलेला खण मी तिच्या काचेपाशी ठेवला आणि तांदळाने तिची ओटी भरली. मिस्त्री हसला. देवीची नंतर वेगळी भरली, पण मला वाटतं ही पहिलीच देवीला पोचली.

देवीपुढे मी जन्मभर त्या अर्ध्या क्लचसारखीच बसले होते, अर्धं तिच्यावर सोडून, अर्धं स्वतः धरून. तशाने प्लेट जळते, एवढं मला कळलं. परत त्या चढाला लागलो तेव्हा यांचा डावा पाय सवयीने क्लचवर गेला.

"अहो, पाय काढा."

"धक्का बसंल तुला."

"बसू दे."

यांनी पाय काढला. धक्का बसला, कंबरेत कळ आली. मी हात पुढे करून बोनेटवर थोपटलं आणि म्हटलं, चल गं बाय.