चार्जिंगच्या खाचेतलं पीठ

मनीषानं लॅपटॉपच्या चार्जरची पिन तिसऱ्यांदा काढून लावली. दिवा लागला नाही. बॅटरी नऊ टक्के राहिली होती.

मनीषा माझी लेक. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती पुण्याहून लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात आली. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली होती, पण त्या आठवड्यात लॅपटॉप दोनदा बंद पडला. सकाळीच तिच्या साहेबांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर ठेवला होता.

"मॅडम, बारापर्यंत लॉगिन करा. नसेल जमत, तर सोमवारपासून ऑफिसला या."

लॉगिन म्हणजे कामावरची हजेरी, आणि मग दिवसभर लॅपटॉप चालू हवा. सोमवारी ऑफिसला जायचं म्हणजे त्या पोटानं पुण्यापर्यंत बसनं.

माझी पिठाची गिरणी आहे. मनीषाच्या वडिलांच्या माघारी बारा वर्षं मीच चालवते. शिक्षण चौथी. गिरणीच्या आवाजात कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटतं. बिघाड काढायला गिरणी दुरुस्त करणाऱ्या गफूरमिस्त्रींनी शिकवलं. ते सांगायचे, "भाभी, मशिनला एकदम हात नाय लावायचा. बोर्डापासून निघायचं, एकेक जागा बघत मशिनकडं यायचं."

पहिली शंका मला व्होल्टेजची आली. गिरणी चालू असली की घरातला दिवा मंद होतो. हातातलं दळण संपल्यावर मी मोटार बंद केली. पुढचा नंबर काशीबाईमावशींचा होता.

"का गं? माझी ज्वारी का थांबवलीस?"

"लेकीचा लॅपटॉप चार्ज होईना, मावशी."

"आन् तू करणार? चौथीत शिकवलं व्हतं व्हय?"

मी हसले.

मोटार बंद करून काही झालं नाही. चार्जर दुसऱ्या बोर्डाला लावला, तरी नाही. मग मी मनीषाचा मोबाईल मागितला. दोन्हीला एकच पिन चालते, हे मी पाहिलं होतं. मोबाईल लगेच चार्ज व्हायला लागला. म्हणजे बोर्ड चांगला, चार्जर चांगला, वायर चांगली. उरला लॅपटॉप.

"आई, ती गिरणी न्हाय. हात लावू नगं. उमरग्याला दुकानात दाखवू."

"बारापर्यंत उमरग्याहून परत येतीस का?"

मी हात न लावता नुसतं बघितलं. मोबाईलमध्ये पिन पार आत जात होती. लॅपटॉपमध्ये तिचं लोखंड थोडंसं बाहेर दिसत होतं. आत काहीतरी होतं, त्यानं पिन पूर्ण बसत नव्हती.

लॅपटॉप पूर्ण बंद करायला लावला. चार्जर काढला. टॉर्च धरली. खाचेच्या तळाशी पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. बारा वर्षं रोज बघते ते. पीठ.

गिरणीच्या ओट्यावर रेंज चांगली येते म्हणून ती तिथं बसून काम करायची. मीच तिला पाट टाकून दिला होता. पीठ हवेतून खाचेत जात होतं, आणि ती प्रत्येक वेळी पिन लावून ते आणखी आत दाबत होती.

सुई घ्यायची नाही, एवढं मला कळत होतं. केरसुणीची काडी ब्लेडनं तासून चपटी केली. खाचेच्या मधे एक पातळ जीभ असते, तिला धक्का न लावता कडेकडेनं खरवडलं. फुंकर मारली नाही. तोंडाची ओल लागली की पीठ चिकटतं. लॅपटॉप तिरका धरून हळूच टिचकी मारली. तांदळाएवढी खपली पडली.

पिन लावली. दिवा नाही.

मनीषा म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता." मी परत टॉर्च धरली. एका कोपऱ्यात थोडं राहिलं होतं. तेही काढलं. या वेळी पिन खटकन बसली आणि पिवळा दिवा लागला.

साडेअकरा झाले होते. तिनं लॉगिन केलं आणि साहेबांना फोन लावला.

"एवढ्या लवकर? तिकडं कोण आहे दुरुस्त करणारं?"

"आई हाय माझी," ती म्हणाली. घाईत गावाकडचंच बोलली.

मी उठून गिरणी चालू केली. काशीबाईमावशी डबा पुढं करत म्हणाल्या, "मग माझा मिक्सर बी बघतीस का संध्याकाळी?"

मनीषा आता आतल्या खोलीत बसते, रेंज कमी असली तरी. काम संपलं की खाचेवर कापडाची पट्टी लावते. सोमवारी ती कुठंही गेली नाही. मी केलेली भाकरी खाऊन इथंच कामाला बसली.

गफूरमिस्त्री आता थकलेत, नळदुर्गला लेकीकडं असतात. त्यांना फोन करून सांगावं असं चार दिवस मनात आहे. नंबर काढते आणि ठेवून देते. काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून आधी इथं लिहिलं. मिस्त्री, तुमच्यामुळं लेक घरात राहिली.

आणि स्वतःसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. बोर्डापासून मशिनपर्यंत सगळं बघावंच. पण त्याच्याही आधी आपलं पीठ कुठं कुठं उडालंय, ते बघावं.