डीजेची वायर

माझ्या किशोर-कादंबरीतल्या ज्या प्रसंगावर मुली सगळ्यात जास्त बोलतात, तो खरा घडला ठाकुर्लीला. मी अकरावीत होते. वर्गातल्या मैत्रिणीच्या भावाची हळद होती. त्यांचं घर तिथलं जुनं, आगरी. आम्ही कोकणातून येऊन डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणारे. तिची आत्या धवलारीण, म्हणजे गाणी म्हणत लग्नाचे विधी लावणारी बाई. आत्या हळदीचं ताट पुढ्यात घेऊन गायला बसली होती, पण डीजेच्या दणदणाटात तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू येत नसावा. कॉलेजची पोरं हसत होती. मीही हसत होते. पुढचं गाणं कुठलं, हेसुद्धा डीजेवाल्याला मीच सांगत होते.

मैत्रीण उठली. एरवी हजेरीलाही तोंडातल्या तोंडात 'प्रेझेंट' पुटपुटणारी ती. सरळ जाऊन तिनं वायर उपटली, काकांच्या शिव्या खाल्ल्या आणि आत्याशेजारी बसून गायला लागली.

कादंबरीत ही वायर माझी नायिका उपटते. नायिका कोकणातली, डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणारी. मैत्रीण नुसती बाजूला उभी राहून रडते. लिहिताना मी स्वतःला समजावलं की कथेला असंच लागतं. कथेला काही लागत नव्हतं, मला लागत होतं.

परवा कल्याणच्या एका शाळेत मुलींशी गप्पा मारायला गेले होते. नववीतल्या एकीनं विचारलं, "मॅडम, ती वायर खरंच तुम्ही काढलेली?"

मी मान खाली घालून हसले. म्हटलं, "आता काय सांगू!" टाळ्या पडल्या. नम्रपणाचं नाटक मला झकास जमतं.

बाहेर आले तर फाटकाशी मैत्रीण उभी. इतक्या वर्षांनी भेटलो. ती प्रश्न विचारणारी मुलगी तिचीच.

"हिला लहानपणापासून सांगत आलेय गं, डीजे मी बंद केलेला," ती हसत म्हणाली. "आता बोलते, मम्मी, तू फेकतेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मुलगी पुस्तक घेऊन धावत आली. एकच वाक्य बोलायचं होतं, ते ओठांवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती, आणि मला ते कौतुक सोडवेना. मी सही केली.

"थँक यू बोल मॅडमना," मैत्रीण तिला म्हणाली.