आईचा न

आमच्या घरात ण नव्हता. आई पानी म्हणायची, लोनी म्हणायची आणि दार वाजलं की "कोन आलं बघ" म्हणायची. वसईतल्या आमच्या भातशेतीच्या गावात बहुतेक घरी असंच बोलत. शाळेत गेल्यावर बाईंनी सांगितलं की हे अशुद्ध आहे. मी आज्ञाधारक मुलगी होते. मी ण घ्यायचा ठरवला आणि मग सापडेल तिथे घेतला. सहावीत असताना मला चर्चमध्ये शास्त्रवाचनाला उभं केलं. वाचन जगाच्या उत्पत्तीचं होतं. मी खणखणीत आवाजात देवाला 'मणुष्य निर्मान' करायला लावला.

घरी जाताना आई म्हणाली, "छान वाचलंस. पन तो मानूस आपल्याकडचा नव्हता वाटतं."

पुढे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी पाच प्रार्थना, प्रत्येकी दोन-तीन ओळींच्या. मला लिहिणं कुणी शिकवलं असेल तर ह्या ओळींनी. लोक उभे असतात, त्यांचे गुडघे दुखत असतात आणि ज्याला उद्देशून लिहायचं त्याला सगळं आधीच माहीत असतं. अशा ठिकाणी विशेषणं टिकत नाहीत. एकदा मी सर्व जगासाठी पाऊस मागितला, तर आई म्हणाली, "सगळ्या जगाला कशाला? आपल्याकडे भात कापून पडलाय."

कॉलेज संपल्यावर सातिवलीच्या एका गाळ्यात नोकरी लागली. तिथे खोक्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापत. मी मजकूर लिहायचे: 'ही बाजू वर.' 'ओलाव्यापासून दूर ठेवा.' तीन वर्षं मी एकही लांब वाक्य लिहिलं नाही. ते युनिट बंद पडल्यावर आचोळ्याला एका इमारतीत मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तिथे एका मुलीने निबंधात लिहिलं, 'माझी आई घरीच असते, ती काहीच नाही करत.' मी तिच्या आईला बोलावून ते वाचून दाखवलं. धुण्याची बादली तशीच हातात धरून ती म्हणाली, "ते जाऊ दे मॅडम, स्पेलिंग तरी बरोबर आहे ना?"

ह्या सगळ्या शिदोरीवर मी स्वतःला लेखिका समजत होते. मग आई गेली.

आमच्याकडे माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी मिस्सा असतो. कम्युनियनचा प्रसाद घेऊन झाल्यावर, सगळे बसलेले असताना, घरातलं कुणीतरी चार शब्द बोलतं. ते मी लिहायचे हे न सांगता ठरलं होतं. मला लोकांची काळजी नव्हती. काळजी बाबांची होती. महिनाभर ते जेवत होते, वाडीत जात होते, विचारलेल्याचं उत्तर देत होते, पण आईबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. संध्याकाळच्या रोजरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, तिच्यासाठी प्रार्थना आली की ते खोकायचे. मी लिहिलेल्यातून त्यांना ती ऐकू आली तर ते बोलतील असं मला वाटत होतं.

पहिला मसुदा मी चर्चला शोभेल असा लिहिला. प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील, सदैव हसतमुख. बाबा वाल सोलत ऐकत होते.

"चांगली बाई दिसते," ते म्हणाले. "आपल्याच गावातली का?"

मी तो फाडला. दुसऱ्या मसुद्यातून सगळी विशेषणं काढली. जन्म, लग्न, भात, भाजी, तीन मुलं, मृत्यू. सात ओळी झाल्या.

"हे खोक्यावर चिकटव," बाबा म्हणाले आणि वालाची टोपली उचलून आत गेले.

तिसरा मसुदा मी त्यांना दाखवलाच नाही. त्यात मी आईची रोजरी लिहिली. आई रोजरी सांगत असे ती एका ठरलेल्या सुरात, आणि घरचे सगळे हुकूम त्याच सुरात मधे मिसळून देत असे. कोंबडी ओटीवर चढली, चुलीवरचं खाली उतरवा, सगळं त्याच चालीत, मणी न सोडता. धाकट्या भावाला कित्येक वर्षं ते प्रार्थनेतच आहे असं वाटत होतं. त्यातला सगळ्यात नेहमीचा हुकूम टाकीचा. पंप चालू राहिला आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की आई डोळे मिटूनच म्हणायची, "पानी वाहून चाललं, कोनीतरी उठा."

कागदावर मी तसंच लिहिलं होतं, न घालून. पण चर्चमध्ये माइकसमोर कोंबडी आणि चूल वाचून टाकीपाशी आले आणि जिभेला शाळा आठवली.

"पाणी वाहून चाललं," मी वाचलं.

"पानी," पहिल्या बाकावरून आवाज आला.

बाबांचा होता. फार मोठा नव्हता, पण माइकजवळच्या त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. मागे कुणीतरी हसू दाबलं. मी कागदाकडे पाहिलं आणि आईच्या सुरात, जमेल तेवढ्या, पुन्हा वाचलं, "पानी वाहून चाललं, कोनीतरी उठा."

बाबा उठून उभे राहिले.

आमच्या चर्चमध्ये मागचे लोक पुढच्यांकडे बघून उठतात आणि बसतात. दुसऱ्या बाकावरच्या मावश्या उठल्या, मग तिसरा बाक, मग दारापर्यंत सगळं चर्च. बसलेले फक्त फादर राहिले. ते त्या धर्मग्रामात नवीन होते. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ते घाईने उठले आणि "आपण प्रार्थना करू या" म्हणत त्यांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. माझं दीड पान शिल्लक होतं. मी ते घडी घालून बाजूला झाले. आशीर्वादही झाला.

बाहेर पायरीवर थोरली मावशी मला म्हणाली, "छोटं केलंस ते बरं केलंस."

बाबा चप्पल शोधत होते. मी जवळ गेले. "तुम्ही का उठलात? सगळं गडबडलं ना."

"तिने सांगितलं म्हनून."

"ती सगळ्यांना सांगायची, बाबा."

"तुम्हाला पोरांना तसं वाटायचं," ते चप्पल पायात घालत म्हणाले. "माझं नाव तिने कधी घेतलं का? कोनीतरी म्हंजे मी. तुमच्यातलं कोन उठलंय कधी टाकीसाठी?"

मी आठवून पाहिलं. कुणीच उठलं नव्हतं. प्रत्येक वेळी बाबाच पुटपुटत जिना चढत, आणि ते परत येईपर्यंत आई तिच्या मण्यावर थांबून राही. इतकी वर्षं समोर घडत होतं आणि माझ्या तिन्ही मसुद्यांत ते नव्हतं.

"आनी चूल नाही, गॅस म्हनायची," बाबा फाटकाकडे चालता चालता म्हणाले. "चूल कधीच गेली. आनी कोंबडी नाही, बदकं. तू नीट विचारून लिहायला पाहिजे होतंस."

"मग सांगा ना."

ते घरापर्यंत सांगत राहिले. मी बरंचसं चुकीचं लिहिलं होतं.