नागपूरची गोळी

माझ्या दुखण्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, एंडोमेट्रिओसिस. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा सांगितलं, तरी मला ते नीट म्हणता यायला बरेच दिवस लागले. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, ते तुमच्या पिशवीच्या बाहेर वाढलं आहे आणि पाळी आली की तेही आतल्या आत रक्त सोडतं. मला एवढंच कळलं की हे माझं ढोंग नव्हतं. वयात आल्यापासून मी ऐकत आले होते की दुखतं तर सगळ्याच बायकांना, हिलाच काय ते जास्त दुखतं.

सासरी पांढुर्ण्याला आम्ही पाळीत बाहेर बसतो. बाहेर म्हणजे सपरीत, घरापुढच्या टिनाच्या पडवीत. त्या दिवसांत चूल नाही, देव नाही, पाण्याच्या गुंडाला हात नाही. मला त्या बसण्याचा कधी राग आला नाही, कारण तेव्हा मला उभंच राहता येत नसे. कंबर, मांड्या, सगळं भरून यायचं. संडासला बसले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी लुगड्याचा बोळा तोंडात धरायचे, कारण सपरीला लागून रस्ता आहे आणि रस्त्यावरून माणसं जातात.

संत्र्याच्या हंगामात मी माल छाटायला जाते. मोठं फळ वेगळं, बारीक वेगळं, डागी वेगळं, आणि मग कॅरेट भरायचे. महिन्यातले ते दिवस मी जायचे नाही, आणि परत गेले की लग्न होतं म्हणून सांगायचे. छाटणीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं, तुह्या माहेरी दर महिन्याले लगन निंघते, अन् आमाले एक पत्रिका नाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं कारण सांगायला मला त्याहून जास्त लाज वाटली असती.

नागपूरला आम्ही गेलो ते दुखण्यासाठी नाही, मुलासाठी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. माझ्या नवऱ्यानं, मी त्यांना 'हे'च म्हणते, जिनिंगमधून सुट्टी घेतली. ते तिथे कापसाच्या गठाणी उचलतात. पाशिंजरनं गेलो. तपासणीच्या खोलीत पुरुषांना येऊ देत नव्हते, म्हणून हे बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की आधी ही गोळी काही महिने रोज घ्यायची, दुखणं आटोक्यात आणू, मुलाचं त्यानंतर पाहू. गोळी आहे तोवर पाळी बंद राहील, त्याची भीती बाळगू नका, आणि मध्येच सोडू नका. मी मान हलवली. बाहेर आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, गोळी दिली. पाळीचं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते, त्या बाकावर कशी बोलणार? घरी येऊन यांनी आपल्या आईला सांगितलं की इलाज सुरू झाला. ते खोटं नव्हतं.

आमच्याजवळ सरकारी इलाजाचं कार्ड होतं. हे मोठ्या भरवशानं ते खिशातून काढून दवाखान्यातल्या खिडकीवर घेऊन गेले होते. तिथल्या माणसानं समजावून सांगितलं की कार्डावर भरती झालेल्याचं होतं, ऑपरेशनचं होतं, दुकानातून आणायच्या गोळीचं होत नाही. विमा असता तरी गोळीचं बहुतेक झालं नसतं, असंही तो म्हणाला. यांनी कार्ड परत प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं.

महिन्याच्या गोळ्यांना माझी छाटणीची आठवड्याची मजुरी लागायची. पांढुर्ण्यातला मेडिकलवाला ती नागपूरहून मागवून द्यायचा. पहिल्या महिन्यात डोकं दुखलं, कपड्याला डाग लागत राहिले, पण थोडेच, तेवढे मी लपवले. दुसऱ्या महिन्यात पाळी आली नाही. तारीख आली आणि गेली, आणि मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्या दिवशी मला कुणीतरी उगीच हाक मारावी आणि मी उठून जावं असं वाटत होतं. उठता येतं हेच मला नवीन होतं. छाटणीतली म्हातारी म्हणाली, या महिन्यात लगन नाही का वं कोणाचं? मी म्हटलं, सरले सगळ्यांचे.

मग संत्र्याचा बहार संपला. माझी मजुरी थांबली, आणि जिनिंगही बंद झालं. हे मिळेल ती हमाली करायचे. गोळ्यांचा पत्ता संपत आला तेव्हा मी यांना सांगितलं, यांनी ते आपल्या आईच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला घरात बोलावून कमरेची पिशवी सोडली आणि नोटा माझ्या हातात ठेवल्या. त्यांच्याजवळ एक म्हैस आहे आणि दुधाचा पैसा त्या कुणाला दाखवत नाहीत. "आण तुही नागपूरची गोळी," त्या म्हणाल्या. "खंड नोको पडू देऊ."

मला रडू आलं. मला वाटलं, मी एवढी वर्षं सपरीत लोळले ते सासूबाईंनी पाहिलं होतं आणि आता त्यांना दया आली. पुढच्या महिन्यातही त्यांनीच पैसे दिले. मला दुधावरची साय वाढायला लागल्या. पाण्याचा गुंड त्या स्वतः उचलायच्या. मी काही करायला गेले की म्हणायच्या, राहू दे. काही विचारत मात्र नव्हत्या, आणि मीही नाही.

आमच्याकडे अशी गोष्ट तोंडानं बोलत नाहीत. दिवस राहिले तरी पहिले तीन महिने कुणी नाव काढत नाही, दृष्ट लागते म्हणून. सून बाहेर बसली नाही हे सासू पाहते, मनात धरते आणि तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरचोळी करते. हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, ओटी, घरातल्याच दोनचार बायका. जिची चोळी करायची तिला आधी विचारत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या जावेची चोरचोळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पण ते माझ्याबद्दल असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण पाळी का बंद आहे हे मला माहीत होतं.

एके दिवशी तिगावची नणंद सकाळच्या गाडीनं आली. थोड्या वेळानं माझी आईही दारात उभी राहिली. ती सौंसरकडून, लोधीखेड्याजवळच्या आमच्या गावाहून बस बदलून आली होती आणि तिच्या हातात कापडी पिशवी होती. मी विचारलं, तू कशी काय? ती नुसती हसली. कितीतरी वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. नणंद म्हणाली, "वहिनी, आता कॅरेट उचलजो नोको. भाचा डागी निंघाला तं कोणत्या ढिगात टाकाचा?"

घरात पाट मांडला होता. आईनं पिशवीतून हिरवी चोळी काढली. ती घरी हातानं शिवलेली होती. सासूबाईंनी ओटीसाठी तांदूळ आणि नारळ घेतला आणि मला पाटावर बसायला सांगितलं. मी बसले. तेवढ्या वेळात मला सगळं समजलं, दूध, साय, नोटा, सगळं. मला वाटलं, गप्प राहावं. गप्प राहिले तर पुढच्या महिन्याची गोळी येईल. पण आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं ती चोळी माझ्या पाठीला लावून पाहत होती.

मी तिच्याकडे वळून म्हटलं, "आई, मले दिवस नाईत. गोळीनं पाळी बंद आहे."

सासूबाईंनी हातातले तांदूळ परत ताटात सोडले. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसं आठवेल तसं सांगितलं, दुखण्याचं, अस्तराचं. सांगताना माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मंग मी दूध इकून इकून तुले वांझच ठेवून राहिली होती का?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मुलाचं नंतर पाहू असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नंतर म्हणजे कधी?" सासूबाईंनी विचारलं. ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. आई दुपारच्याच बसनं परत गेली. जाताना चोळी घेऊन जावी की ठेवावी हे तिला कळत नव्हतं, शेवटी तिनं ती पिशवीत घातली.

दुधाचा पैसा बंद झाला. सासूबाईंचं त्यात चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांनी पैसा नातवासाठी दिला होता. यांना मी गोळीचं विचारलं तर हे म्हणाले, पिशवी काढायचं ऑपरेशन तेवढं कार्डावर होते म्हणतात. मग स्वतःच म्हणाले, पण ते कसं करता. नागपूरला पुन्हा जायचं तर गाडीभाडं, तपासणी, सोनोग्राफी, आणि हाती पुन्हा तीच गोळी.

उरलेला पत्ता मी पुरवून वापरायचं ठरवलं. एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं की असं करू नका, पण पैशाचं काय करायचं ते त्यालाही सांगता आलं नाही. थोड्याच दिवसांत अंगावरून जायला लागलं आणि थांबेना. थांबत नाही तोवर घरात जाता येत नाही, म्हणून मी सपरीत किती दिवस बसून होते ते सांगता येत नाही. शेवटच्या गोळ्या तशाच सरल्या. त्यांचा ना दुखण्याला उपयोग झाला, ना कशाला.

आता पाळी पहिल्यासारखी येते. दुखणं पहिल्यापेक्षा जास्त आहे, किंवा मधले महिने बरे गेल्यामुळे मला तसं वाटत असेल. मेडिकलमधून साधी दुखण्याची गोळी आणते. तिनं थोडा वेळ झोप लागते. छाटणीला या हंगामात मला बोलावलं नाही. रोज न येणारी बाई त्यांना नको आहे.

सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या आहेत. मी बाहेर बसले की कपबशी सपरीच्या पायरीवर ठेवतात, कपड्यात गुंडाळलेली गरम वीट आणून देतात. परवा मी भिंतीला डोकं टेकून बसले होते. त्या दारातूनच म्हणाल्या, "जास्त जाते का वं?"

मी हो म्हटलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "गोळीनं अडलं होतं ते मोकळं होऊन राहिलं. आता राहतीन तुले दिवस." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. मी वीट पोटाशी धरली.