माझा नंबर तीन होता

"तुम्ही बसा. तुमचं शेवटी घेऊ."

सर एवढंच म्हणाले. मी उठून उभी राहिले होते. ओढणी कमरेला खोचली होती, हात पुसून तयार होते. यादीत माझा नंबर तीन. दोन नंबरवाला पुतळ्यावरून उठला, सरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुतळ्याचं तोंड पुसलं आणि हाक मारली, "चार नंबर."

दोन वर्षांपूर्वी वाशीमच्या त्या हॉलमध्ये आम्ही एकोणीस जण होतो. सगळे ॲम्ब्युलन्सवर पेशंटजवळ बसणारे. आमच्या सर्टिफिकेटला दोन वर्षांची मुदत असते. मुदत संपली की पुन्हा येऊन दाखवायचं, की बाबा, आम्ही विसरलो नाही. जमिनीवर रबराचा पुतळा ठेवलेला असतो. त्याला पाय नाहीत, हात नाहीत. छाती, मान आणि डोकं. तीस वेळा छाती दाबायची, मग त्याच्या तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्यायचे. छाती वर आली पाहिजे. सर सही करतात. त्या सहीशिवाय गाडीवर बसता येत नाही.

चार नंबरवाला गुडघ्यावर बसला. तरुण पोरगा, रिसोडकडचा. बसता बसता म्हणाला, "बरं केलं सर. तोंड लावा लागते ना."

सर म्हणाले, "म्हनूनच तं."

दोघंही हळू बोलले नाहीत. हळू बोलावं असं त्यात त्यांना काही वाटलंच नसावं.

मी बसले. पुढे आठ नंबर झाला आणि सरांनी दहा नंबर पुकारला. नऊ नंबरवाला माझ्यासारखाच अर्धा उठला आणि बसला. मानोऱ्याकडचा भाऊ. सकाळी फाटकाजवळ त्यानं मला जयभीम घातला होता, तोही आजूबाजूला बघून. आता त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. एकोणीस जणांत आम्ही दोघंच. सतरा जणांचं झाल्यावर आमचं झालं. माझ्या दोन्ही श्वासांना पुतळ्याची छाती वर आली. सरांनी सही केली. मी "थँक्यू सर" म्हणाले.

ते थँक्यू मला अजून सलतं.

त्याहून लाजेची गोष्ट वेगळीच. त्याच्या आधीच्या खेपेलाही मला शेवटीच घेतलं होतं. तेव्हा सर म्हणाले होते, "तुमचं प्रॅक्टिकल चांगलं असते, शेवटी सगळ्यांले दाखवू." आणि मी खूश झाले होते. घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आईनं त्या दिवशी शेवयाची खीर केली होती. अपमानाची खीर आम्ही मायलेकींनी वाटीवाटीनं खाल्ली.

चार नंबरवाला तसं बोलला त्या दिवसानंतर मी एक गोष्ट केली. माझ्या ॲप्रनवर नावाची पट्टी असते, पूर्ण नावाची. ती मी ॲप्रनच्या आतून लावायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायची, पेशंटला टोचते.

माझ्या बाबांविषयी सांगते, म्हणजे मी या कामात का आले ते कळेल. आमच्या गावात कुणी विहिरीत पडलं की बाबांना बोलावणं यायचं. माणूस फुगून वर आलेला असायचा. कुणी हात लावायला तयार नसायचं. बाबा दोर कमरेला बांधून उतरायचे, प्रेत मिठीत धरून वर आणायचे, चिखल पुसून ओट्यावर ठेवायचे. मग मागे सरकायचे. तिथून पुढे घरचे लोक. बाबांना कुणी बस म्हणायचं नाही. ते ओल्या धोतरानं चालत घरी यायचे. मी लहान असताना एकदा विचारलं, "बाबा, तुमालेच काहून बलावतात?" ते म्हणाले, "मेलेल्याले आपले हात चालतात, माय."

जिवंत माणसाला आपले हात चालले पाहिजेत. हे मी तेव्हाच ठरवलं असं सांगितलं तर खोटं होईल. पण बारावीनंतर हा कोर्स दिसला, त्यात लिहिलं होतं, श्वास बंद पडलेल्या माणसाला पहिली मदत. मी तो फॉर्म दोनदा वाचला आणि भरला.

आता केनवड गावाच्या पुढच्या एका शेतातली गोष्ट. गेल्या वर्षीची, सोयाबीन काढणीचे दिवस. भर दुपारी फोन आला. मळणीयंत्राजवळ एक म्हातारा कोसळला होता. आमच्या गाडीचे ड्रायव्हर दादा शेतकरी घरातले, वयानं मोठे, गाडी अशी हाकतात की आपला जीव मुठीत आणि पेशंटचा हातात. थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत गाडी घातली त्यांनी. म्हातारा भुशावर पडलेला. नाडी नाही, श्वास नाही. मी छाती दाबायला लागले. श्वास द्यायचा फुगा काढला, तर त्याचा मास्क चिरलेला. हवा बाजूनं निघून जात होती. मी विचार केला नाही. गॉजची पातळ पट्टी ठेवली आणि तोंडाला तोंड लावलं. तंबाखूचा वास, भुसा, लाळ. तीस आणि दोन. तीस आणि दोन. ड्रायव्हर दादा मोजत होते. माझे खांदे भरून आले तेव्हा म्हाताऱ्यानं एक मोठा आचका दिला आणि श्वास घेतला.

त्याची सून माझ्या गळ्यात पडून रडली. मुलगा हात जोडून उभा. गाडीत घालताना त्यानं विचारलं, "बाई, तुमी कोन्त्या गावच्या?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव काय तुमचं?"

मी म्हातारबांचा ऑक्सिजन नीट करायला लागले. त्यानं पुन्हा विचारलं. मग सांगितलं.

जोडलेले हात त्याचे त्यालाच जड झाले असावेत, ते खाली आले. शेजारी एक म्हातारी बाई उभी होती, पेशंटची बहीण. ती मुलाला समजावत म्हणाली, "असू दे रे. दुखन्यात चालते."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. माझी बाजूच घेत होती बिचारी. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मला ठाऊक होती. पण इथं गरज अजून सरलीही नव्हती. म्हातारा माझ्या हाताखाली होता आणि मला परवानगी मिळत होती.

परतीच्या वाटेवर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. दुखण्यात चालते. आणि मग हॉलमधला तो दिवस मला लख्ख कळला. पुतळा आजारी नसतो. तो मरत नसतो. म्हणून तिथं चालत नाही. माणूस मरायला टेकला की माझा श्वास चालतो. रबराला चालत नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. त्याआधी वर्षभर मला फक्त लाज वाटत होती. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, आणि ती मी वागवत होते.

या वर्षी पुन्हा मुदत संपत आली. मेसेज आला. दोन मार्ग होते. एक, मोबाइलवर लेखी परीक्षा द्यायची आणि वाशीमला एक दिवस प्रॅक्टिकल. दोन, ते जमलं नाही तर अकोल्याला पाच दिवस पूर्ण कोर्स पुन्हा. पाच दिवस कुणाला हवेत? मी पहिला मार्ग घेतला. लेखी पास झाले. प्रॅक्टिकलच्या दिवशी यादी लागली. माझा नंबर पुन्हा तीन.

हॉलमध्ये शिरायच्या आधीच सरांनी मला आणि मानोऱ्याच्या भाऊला बाजूच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या दिल्या. हसून बोलले. म्हणाले, "तुमच्या दोघांच्या केसेस लय हायेत. तुमाले पुतळ्यावर कायले बसवू? अनुभवावर पास करता येते. हे फॉर्म घ्या, सही करा, मी सही करतो. घरी जा."

म्हणजे तिसरा मार्ग. मेसेजमध्ये नव्हता तो. खास आमच्यासाठी काढलेला.

भाऊनं लगेच सही केली. त्याची सही होईपर्यंत माझ्याही हातात पेन होता. मी खोटं सांगणार नाही, मला ते सोपं वाटलं. एक सही. दहा वाजता मोकळी. तोंड लावणं नाही, शेवटी बसणं नाही, कुणाचं ऐकणं नाही. गाडीवर परत. मी दाराबाहेर पाहिलं. आमचे ड्रायव्हर दादा मला सोडायला आले होते, ते दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी डोळ्यांनी खूण केली, करून टाका.

मी विचारलं, "सर, हा मार्ग बाकीच्याइले काहून नाही?"

"म्हंजे?"

"बारा नंबरवाले काका माझ्याहून सात वर्षं जुने हायेत. त्यायच्या केसेस जास्त हायेत. त्यायले काहून नाही हा फॉर्म?"

सरांचं हसू गेलं. "तुमच्या भल्याचंच करून राह्यलो मी. मागच्या खेपेले तुमाले वाईट वाटलं, मले दिसलं ना ते."

त्यांना दिसलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना सगळं दिसलं होतं. आणि त्यावर त्यांनी काढलेला उपाय हा होता, की आता आम्ही पुतळ्याला तोंडच लावायचं नाही. मागच्या खेपेला शेवटचा नंबर होता. या खेपेला नंबरच नाही. वरून उपकार.

मी पेन टेबलावर ठेवला. भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मले नोकरी पायजे. मी काही बोलू शकत नाही." मी म्हटलं, "तुमी जा भाऊ." मला त्याचा राग आला नाही. दोन वर्षांपूर्वीची मीच तिथं बसलेली होते.

दारात ड्रायव्हर दादांनी अडवलं. "ताई, हे हात दाखवून अवलक्षण आहे. सर्टिफिकेट गेलं तं गाडी जाईन."

"दादा, केनवडच्या म्हाताऱ्याच्या वेळी तुमी मोजत होता ना?"

"हो."

"मंग?"

ते बाजूला झाले.

मी हॉलमध्ये गेले. तिथं सरांच्या मदतनिसानं प्रॅक्टिकल सुरू केलं होतं, दोन नंबर नुकताच उठला होता. सर माझ्या मागून येत होते, "अहो बाई, थांबा" म्हणत. मी थांबले नाही. ओढणी खोचली आणि पुतळ्याजवळ गुडघ्यावर बसले. "तीन नंबर," मीच मोठ्यानं म्हणाले. तीस वेळा छाती दाबली. मान मागे केली, नाक धरलं, तोंड लावलं. एक. छाती वर आली. दोन. छाती वर आली. उठले आणि स्पिरिटचा बोळा स्वतः घेऊन पुतळ्याचं तोंड पुसलं. दोन वर्षांपूर्वी दोन नंबरनंतर सरांनी जसं पुसलं होतं तसंच. कमी नाही, जास्त नाही.

"चार नंबर," मी म्हणाले.

चार नंबरवर तोच रिसोडकडचा पोरगा होता. तो खुर्चीवरून उठला. पुतळ्याकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला, वाजला नव्हता तरी कानाला लावला आणि बाहेर गेला.

"पाच नंबर," मी म्हणाले. पाच नंबरवाली मुलगी जमिनीकडे पाहत होती. सहा नंबर उठला नाही. बारा नंबरवाले काका माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

सर म्हणाले, "आजचं प्रॅक्टिकल थांबवतो मी. सगळे चहा घेऊन या." आणि मला म्हणाले, "तुमी मेहनती बाई होता. असं कराल वाटलं नोतं."

चहानंतर कुठून तरी दुसरा पुतळा आला. बाकीच्यांचं प्रॅक्टिकल त्याच्यावर झालं. माझ्या कागदावर शेरा आला: अपूर्ण, बोलावण्याआधी सुरू केले. मी दुसऱ्या पुतळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, पहिल्याची स्प्रिंग गेली होती.

मी तिथंच बसून तक्रार लिहिली. दोन वर्षांपूर्वीचं लिहिलं, आजचं लिहिलं, कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द लिहिलं. पोच मागितली. कारकून म्हणाला, साहेब नाहीत. मी म्हटलं, बसते. चार वाजेपर्यंत बसले. पोच घेऊन उठले. साक्षीदार म्हणून कुणी सही केली नाही. ड्रायव्हर दादांना मी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःहून म्हटलं नाही.

सर्टिफिकेटची मुदत संपली. मला गाडीवरून उतरवलं आहे. तक्रारीचं उत्तर आलेलं नाही. आता उरला दुसरा मार्ग, अकोल्याचे पाच दिवस. आई म्हणाली, "तिथंई तसंच निंघालं तं?" मी म्हटलं, निघू शकते. बाबा असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. ते आयुष्यभर मागे सरकले. त्यांना मी दोष देत नाही, पण मी त्यांच्यासारखी मागे सरकणार नाही.

पिशवी भरलेली आहे. ॲप्रन धुऊन इस्त्री केला आहे. नावाची पट्टी बाहेरून लावली आहे, पूर्ण नावाची, दुरून वाचता येईल अशी. अकोल्याला यादी लागेल. जो नंबर येईल त्या नंबरला मी उठेन. बसा म्हटलं तर बसणार नाही. तिथून घालवलं तर तिसऱ्या जागी जाईन, पण माझा श्वास यादीतल्या माझ्या जागीच मोजला जाईल.

आणि उद्या तो चार नंबरवालाच रिसोड रोडवर मोटरसायकलवरून पडलेला सापडला, तर मी त्याच्या तोंडाला तोंड लावीन. एक सेकंद थांबणार नाही. ते माझं काम आहे. पण तो शुद्धीवर आला की माझं आडनाव मी त्याला सांगेन. त्यानं विचारायची वाट पाहणार नाही.